विरघळणारा धन ध्रुव

टॉर्चमधल्या साध्या कोरड्या घटाचे भांडे जस्ताचे आणि आतली काळी पूड मँगनीज डायऑक्साइडची, हे आपण जाणताच. हीच जोडी झिंक सल्फेटच्या द्रावणात ठेवून पुन्हा पुन्हा भारित होणारी बॅटरी करता येते. द्रावण पाण्याचे, म्हणून पेट घेण्याचे भय नाही. अडचण अशी की वापरताना धन ध्रुवातले मँगनीज हळूहळू पाण्यात विरघळते व बॅटरीची शक्ती ओसरते.

२०१६ साली अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी द्रावणात आधीच थोडे मँगनीज सल्फेट मिसळले. विरघळणे आवरले. ५,००० आवर्तनांनंतर ९२ टक्के क्षमता टिकली.

रासायनिक समतोलाचा हा नियम आपल्या क्रमिक पुस्तकातच आहे. तो केवळ पाठ करू नका. कोठे उपयोगी पडेल, ते शोधा.