माशाला औषध, टँकला पथ्य



घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक असणाऱ्यांना बहुधा एक मासा हवाच असतो: निळाशार, पिवळ्या शेपटीचा, ‘फाइंडिंग नीमो’ चित्रपटातली डोरी. नेमकी तीच आजारालाही लवकर बळी पडते. एखाद्या सकाळी तिच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसतात, ती खडकाला अंग घासते, कल्ले भरभर हलतात. दुकानदार याला ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. हा क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी.

असे ठिपके गोड्या पाण्यातल्या माशांनाही येतात. तिथे मीठ टाकून आणि हीटर वाढवून गुण येतो, म्हणून तोच सल्ला इथेही मिळतो. पण तो परजीवी वेगळा, हा वेगळा. समुद्रातच वाढलेला जीव मिठाला काय भिणार?

याची दिनचर्या समजली की उपचार आपोआप समजतो. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेत शिरून खात बसलेला परजीवी. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की तो मासा सोडतो आणि वाळूवर किंवा खडकावर स्वतःभोवती कवच करून बसतो. आत त्याची पिल्लं तयार होतात, दोन-तीनशेसुद्धा. बाहेर पडल्यावर त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. मधल्या काळात माशाचं अंग स्वच्छ दिसतं आणि घरातले खूश होतात. ‘प्रवाळांना अपाय नाही’ असं छापून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांची कीर्ती या मधल्या दिवसांवरच उभी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खात्रीचं औषध म्हणजे तांबं. ते या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं मानतात, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना पाण्यातलं तांबं विषासारखं आहे. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते तांबंच! शिवाय खडक आणि वाळू तांबं शोषून घेतात. मात्रा टिकत नाही आणि खडकही नासतो. म्हणून औषधाचा थेंबही रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ असलेल्या मूळ टँकमध्ये, पडता कामा नये.

मासा बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा. साधा काचेचा टँक, तळाला वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि शक्यतो आधीपासून मुरवलेला स्पंज फिल्टर. तसा नसेल तर अमोनिया चढतो आणि रोगाआधी पाणीच माशाला मारतं. तेव्हा रोज तपासा, पाणी बदला, बदललेल्या पाण्यातही औषधाची मात्रा राखा. साध्या तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. बांधलेल्या, म्हणजे चिलेटेड तांब्याची त्याच्या दहापट वगैरे असते, त्यामुळे एका बाटलीचा आकडा दुसरीला लावू नका. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, टेस्ट किटने मोजा, आणि साधारण 30 दिवस ती मात्रा खाली येऊ देऊ नका. अमोनिया मारणारी रसायनं काही तांब्याच्या औषधांबरोबर घातक ठरतात. लेबल वाचल्याशिवाय एकत्र करू नका.

आता मूळ टँक. एक जरी मासा आत राहिला, अगदी ठणठणीत दिसणारा, तरी परजीवीला घर मिळतं. म्हणून सगळेच मासे बाहेर, आणि टँक रिकामा. प्रयोगात काही कवचं 72 दिवसांनीही फुटलेली आढळली आहेत, म्हणून शौकीन मंडळी 76 दिवस धरतात. कोळंबी आणि प्रवाळ आतच राहतात; परजीवी त्यांच्यावर जगत नाही. कंटाळा येतो, पाहुणे विचारतात, ‘मासे कुठे गेले?’

 

आणि त्या अडीच महिन्यांत जाळी, नळी, मग दोन्ही टँकसाठी वेगवेगळे ठेवा. आजारी टँकमध्ये घातलेला हात धुऊन कोरडा करूनच दुसरीकडे न्या. नवीन मासा आणाल तेव्हा तोही आधी याच काचेच्या टँकमध्ये महिनाभर राहू द्या. आणण्यापूर्वी तो खातो का, हे दुकानातच डोळ्यांदेखत बघा.