ललित लेखनवर्ग संपताना

(लेखनवर्गाच्या समारोपप्रसंगी झालेले भाषण)



लेखनवर्गाचा समारोप झाला की प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि शिबिरार्थी आपापल्या गावी परततात. शिक्षक शाळेत जातो, तलाठी दप्तर उघडतो, गृहिणी घरकामाला लागते. बहुतेकांचे लेखन याच सुमारास थांबते. म्हणून या वर्गाने काय दिले, याचा हिशेब आजच मांडणे योग्य होईल.

प्रतिभा वर्गात शिकविता येत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि तो खराही आहे. सत्तरी तालुक्यातील आंबेडे गावी १९०६ साली जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांचे शिक्षण संस्कृत शास्त्रांचे. तरीही गोमंतकातील माणसे त्यांच्या कथांतून महाराष्ट्रभर पोचली आणि त्यांच्या कथेवर ‘मानिनी’ (१९६१) सारखा चित्रपट निघाला.

मग वर्गाचे प्रयोजन कोणते? लिहिलेले पुन्हा लिहावयास लावणे, हे होय. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांना कथेतील उणिवा पत्राने कळवीत आणि पुनर्लेखन सुचवीत. अनेकांच्या दृष्टीने तो टपालाने चालणारा लेखनवर्गच होता.

या वर्गातील पहिल्या आठवड्याच्या वह्यांत सोनेरी पहाट, खळाळता निर्झर आणि आदर्श गाव यांचीच गर्दी होती. त्यांत कोणाचेही घर ओळखू येत नव्हते. शेवटच्या आठवड्याच्या वह्यांत मात्र खाजनाचा बांध फुटल्यावर रात्रभर चिखल वाहणारी माणसे आहेत आणि कुळागराच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला धरलेले दोन भाऊ आहेत.

एका भगिनीने कुर्डी गावाविषयी लिहिले. सांगे तालुक्यातील हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले आणि ग्रामस्थांचे पुनर्वसन अन्यत्र झाले. पहिल्या खर्ड्यात त्याग, विकास आणि कृतज्ञता हे शब्द होते. चौथ्या खर्ड्यात केवळ एक प्रसंग उरला. घर सोडण्याच्या सकाळी आईने चूल नेहमीप्रमाणे सारविली. कोणी हटकले तेव्हा ती काहीच बोलली नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डीच्या घरांची जोती वर येतात. ती सारविलेली चूल मात्र लिहिली गेली नसती, तर कोणालाच दिसली नसती.

खाजन, कुळागर हे शब्द दूरच्या वाचकाला कळतील काय, अशी शंका वर्गात अनेकदा निघाली. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) या पुस्तकातील लंपन बेळगावकडील बोली घेऊन बोलतो आणि मराठी वाचकांनी तो सर्वत्र आपला मानला. प्रसंग खरा उतरला की अनोळखी शब्दापाशी वाचक अडत नाही. आपल्या गावचा शब्द गाळणे म्हणजे भाषा शुद्ध करणे नव्हे.

आता प्रश्न उद्याचा आहे. एकट्याने पुन्हा पुन्हा लिहिणे कठीण असते. ऐकणारा कोणीतरी असावा लागतो. प्रत्येक गावातील वाचनालयाने महिन्यातून एक संध्याकाळ लेखनासाठी राखून ठेवावी. जेथे वाचनालय नसेल तेथे मुख्याध्यापकांनी शाळेची एक खोली उघडून द्यावी. अधिकारीवर्गाकडून फार मोठ्या अनुदानाची अपेक्षा नाही. खोलीची किल्ली आणि दिवा एवढे पुरेसे आहे. लेखकाने मोठ्याने वाचावे, आणि कोठे लक्ष उडाले तेवढे ऐकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगावे. स्तुतीची घाई करू नये.

शिबिरार्थींनी आज प्रमाणपत्राबरोबर आपली वहीही घरी न्यावी आणि तिच्यातील एक तरी मजकूर या महिन्यात पुन्हा लिहावा.