रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाचा जमाखर्च



मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे विकार बहुधा एकाच देही मुक्कामाला येतात. परंतु रक्तदाबाची गोळी केवळ रक्तदाबावर काम करून थांबत नाही. तिचा प्रभाव ताणाच्या संप्रेरकांवर आणि इन्सुलिनच्या कार्यावरही पडतो, याची जाणीव थोड्यांनाच असते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. भय, चिंता वा क्रोध यांच्या प्रसंगी तिच्यातून अॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल रक्तात उतरतात. हृदयाची धडधड वाढते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि स्नायू इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. संकट क्षणिक असेल, तर ही व्यवस्था प्राणरक्षक ठरते. ताण नित्याचा झाला की तीच अपायकारक होते.

या साखळीत अडसर घालणारी औषधे म्हणजे 'बीटा ब्लॉकर'. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल विकसित केले; १९८८ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ही औषधे अॅड्रिनॅलिनची निर्मिती थांबवीत नाहीत. ते हृदयावर जेथे काम करते, ती जागाच अडवून धरतात.

मात्र या लाभाच्या समोर काही रक्कम नावे पडते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या औषधांनी इन्सुलिनची परिणामकारकता किंचित घटते, वजनही थोडे वाढू शकते. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या कार्व्हेडिलॉलचे वर्तन निराळे आढळले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'जेमिनी' अभ्यासात मेटोप्रोलॉल घेणाऱ्या मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर अल्पशी वाढली. कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांची जवळपास स्थिर राहिली. लघवी वाढविणाऱ्या थायझाइड गोळ्यांनी पोटॅशियम घटून साखर थोडी वाढू शकते. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या वर्गांतील औषधे साखरेच्या दृष्टीने निरुपद्रवी असून, लघवीतून प्रथिने जाऊ लागलेल्या मधुमेहींच्या मूत्रपिंडांना ती संरक्षणही देतात.

मग बीटा ब्लॉकर टाकून द्यावे काय? मुळीच नाही. ब्रिटनमधील 'यूकेपीडीएस' अभ्यासात ११४८ मधुमेही रुग्णांचा रक्तदाब वर्षानुवर्षे तपासला गेला. १९९८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, काटेकोर नियंत्रण असलेल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी, तर मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होते. त्यात अॅटेनोलॉल आणि कॅप्टोप्रिल जवळपास सारखेच गुणकारी ठरले. जमेची बाजू खर्चाहून कितीतरी मोठी, हाच त्याचा अर्थ. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना तर बीटा ब्लॉकर अत्यावश्यकच असते.

दोन गोष्टी मात्र प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. साखर एकाएकी उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यास ही धोक्याची घंटा नीट ऐकू येत नाही. दरदरून येणारा घाम तेवढा टिकून राहतो. तो दिसताच साखर तपासावी आणि उतरलेली आढळल्यास तत्काळ गोड द्यावे. दुसरी गोष्ट, ही गोळी अचानक बंद करणे हृदयास घातक ठरू शकते. म्हणून उपवास करावयाचा असल्यास मधुमेहींनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गोळी सोडण्याचा वा मात्रा बदलण्याचा निर्णय परस्पर घेऊ नये.

औषधाचे गुणदोष जाणून घेणे, म्हणजे त्याचे भय धरणे नव्हे. डॉक्टरांना विचारलेला एक प्रश्न, परस्पर सोडलेल्या गोळीपेक्षा सदैव हितकर होय.