लांडगा पाहिलाय कुणी?



   अध्यक्षीय भाषणात 'निसर्ग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयाचा समग्र आढावा घ्यावा, असं संयोजकांनी पत्रात लिहिलं होतं. घेतो. पण झटपट उरकतो, कारण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात ठेवून बसलोय आणि या वयात माईक पुन्हा हाती येईल याचा भरवसा नाही.

तर आढावा. १९४३ साली मॅककलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं गणिती रूप मांडलं. पुढे ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या मेंदूत बारीक तार घालून पाहिलं, की दृष्टीच्या भागातल्या पेशी ठरावीक कोनातल्या कडा दिसल्या की जाग्या होतात. त्यावरून जपानात फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन नावाचं, आकार ओळखणारं कृत्रिम जाळं बांधलं. तुमचा मोबाइल तुमचा चेहरा ओळखतो, त्याची वंशावळ त्या मांजरापर्यंत जाते. १९७५ मध्ये जॉन हॉलंड यांनी उत्क्रांतीवरून जेनेटिक अल्गोरिदमचा पाया घातला. १९८७ मध्ये रेनॉल्ड्स यांनी पाखरांचे थवे संगणकाच्या पडद्यावर उडवले, तर १९९५ मध्ये केनेडी आणि एबरहार्ट यांनी थव्याच्या कल्पनेवरून गणितं सोडवण्याची रीत काढली. झाला आढावा.

आता माझं.

२००८ पासून आमच्या क्षेत्रात, म्हणजे निसर्गावरून अल्गोरिदम काढण्याच्या क्षेत्रात, प्राणिसंग्रहालयच उघडलं. २००८ ला काजवा, २००९ ला कोकीळ, २०१० ला वटवाघूळ, २०१४ ला करडा लांडगा, २०१५ ला पतंग, २०१६ ला देवमासा. त्यानंतर कोण कोण आलं ते मोजायचं मी सोडून दिलं. प्रत्येक प्राण्याच्या नावाने एक अल्गोरिदम, त्याच्यावर शेकडो निबंध, त्या निबंधांवर पीएचड्या, आणि पीएचड्यांवर बढत्या. माझं म्हणणं इतकंच, की या मंडळींपैकी बहुतेकांनी तो प्राणी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर पाहिला त्यांचं वाचलेलंही नाही.

मी बहिःस्थ परीक्षक होतो तेव्हाची गोष्ट. एका विद्यापीठातून करड्या लांडग्याचा प्रबंध आला. पहिल्या प्रकरणात लांडग्यांच्या कळपाची उतरंड: वर अल्फा, तो हुकूम सोडणार, त्याखाली बीटा, मग डेल्टा, आणि तळाशी बिचारा ओमेगा. ही उतरंड मुळात आली १९४७ च्या शेंकेल यांच्या अभ्यासातून, आणि ते लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून ही कल्पना जगभर पोचवली. मग त्याच मेक यांनी उत्तर कॅनडातल्या एल्झमिअर बेटावर वर्षानुवर्षं मोकळे लांडगे जवळून पाहिले, आणि १९९९ मध्ये स्वच्छ लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. अल्फा हा शब्दच त्यांनी नको म्हटला. जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले, आणि २०२२ मध्ये ते एकदाचं थांबलं. अल्गोरिदम आला २०१४ ला. म्हणजे लांडग्यांच्या जाणकाराने कल्पना मागे घेतल्याला पंधरा वर्षं झाली होती.

मी अहवालात एकच प्रश्न लिहिला: 'विद्यार्थ्याने लांडगा पाहिला आहे काय?' मार्गदर्शक संतापले. त्या विद्यापीठातून पुढे माझ्याकडे प्रबंध यायचे थांबले. पण तो विद्यार्थी गुणी निघाला. महिन्याभरात स्वतःहून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दाखवा." त्याला घेऊन सासवडच्या पलीकडे माळावर गेलो. ओळखीच्या एका धनगराचा वाडा तिथे उतरला होता, मेंढरांभोवती वाघर लावलेली होती. पोराने वही काढून म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, लांडग्यांचा म्होरक्या हुकूम कसा देतो?" म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "मास्तर, काय इचारतंय ह्ये? आवो, ते घर हाय. नर-मादी आन् गेल्या सालची पोरं. एक समोर हिंडतंय, कुत्र्यांस्नी दिसंल असं. कुत्री त्येच्या मागं धावत्यात, आन् मागल्या अंगानं दुसरं येऊन कोकरू उचलतंय."

आता पाहा. एकाने मुद्दाम दिसायचं आणि दुसऱ्याने काम साधायचं, ही खरोखरीची युक्ती आहे. तिच्यावरून एखादी नवी रीत सुचू शकते. प्रबंधात तिचा पत्ता नव्हता. प्रबंधात काय होतं? सापडलेल्या सर्वांत चांगल्या तीन उत्तरांची सरासरी काढा आणि बाकीच्यांना तिकडे सरकवा. यात लांडगा कुठे आला? शिवाय या रीतीला शून्याची ओढ आहे, हे नंतर इतरांनी तपासून दाखवलं. ज्या नमुना गणितांवर तिची परीक्षा होते, त्यांतल्या पुष्कळांचं उत्तर शून्यावरच असतं. उत्तर जरा बाजूला सरकवलं की लांडगा धापा टाकतो.

पतंगाचं तर याहून बोलकं आहे. चंद्राशी ठरावीक कोन राखून पतंग उडतो, दिवा जवळ असला की फसतो आणि गोल गोल फिरतो, या समजुतीवर २०१५ चा अल्गोरिदम उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रणातून दिसलं, की कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात आणि त्या वळण्यात अडकतात. जुनी समजूत डळमळली. यात अल्गोरिदम लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही, सगळेच तसं मानत होते. पण पतंगाचं शास्त्र बदललं तरी त्या प्रोग्रॅमची एक ओळ बदलावी लागली नाही. म्हणजे पतंग तिथे कधी नव्हताच. आणि काजव्याच्या अल्गोरिदममध्ये तर नर-मादी हा भेदच नाही असं सुरुवातीलाच गृहीत धरलंय. मेअखेरीस भंडारदऱ्याला जाऊन या, आणि तो सगळा लखलखाट कशासाठी चाललेला असतो ते पाहा, म्हणजे मी का हसतो ते कळेल.

हे मी एकटा बोलत नाही. २०१५ मध्ये केनेथ सोरेन्सन यांनी या रूपकबाजीवर कडक निबंध लिहिला. पुढे कामाचो-व्हियालोन, डोरिगो आणि स्ट्यूट्झल यांनी लांडगा, काजवा, वटवाघूळ यांची समीकरणं सोलून दाखवलं, की आत जुन्याच रीती आहेत. चिवडा तोच, पाकीट नवं. यातले डोरिगो म्हणजे मुंग्यांचा अल्गोरिदम काढणारेच, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन.

मुंग्यांचं पाहा. ब्रसेल्समध्ये दनेबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांसमोर दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. थोड्या वेळात बहुतेक मुंग्या आखूड पुलावर आल्या, कारण तिथून लवकर परतणाऱ्यांनी वाटेवर सोडलेला गंध आधी साचला. पण आखूड पूल उशिरा जोडला, तर त्या जुन्या लांब वाटेलाच चिकटून राहिल्या. गंध लवकर उडत नाही. डोरिगोंनी १९९२ च्या मिलानमधल्या प्रबंधात मुंगीची रीत घेतली, आणि गंध झपाट्याने उडण्याची सोय मात्र स्वतः घातली, म्हणजे वाईट वाट विसरता येईल. मुंगी कुठे कमी पडते हे त्यांना ठाऊक होतं, कारण कुणीतरी ते बसून पाहिलं होतं.

मधमाश्यांचंही तेच. टॉमस सीली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या क्रॅनबेरी तळ्याकाठी चार हजार मधमाश्यांना एकेक करून खुणा केल्या. हो, चार हजार! मग दोन जागी साखरेचा पाक ठेवला, एकीकडे घट्ट, दुसरीकडे पातळ, आणि पुढे अदलाबदल केली. वरून कुणाचा हुकूम नसताना पोळं आपली माणसं, म्हणजे माश्या, घट्ट पाकाकडे वळवत होतं. जॉर्जिया टेकच्या अभियंत्यांनी त्याचं गणित मांडलं, आणि २००४ मध्ये सुनील नाक्रानी व क्रेग टोवी यांनी तीच रीत इंटरनेटच्या सर्व्हरांवर कामाची वाटणी करायला वापरली. मधल्या वर्षांत त्या माश्या रंगवण्याचा काय उपयोग, असं विचारणारे तिथेही असणारच.

कालच्या परिसंवादात एका मित्राने टाळ्या घेतल्या: "नाव काही का असेना, उत्तर येतं ना?" नाही येत. एका सहकारी साखर कारखान्यात मी काही हंगाम सल्लागार होतो. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून कुठली टोळी कुठल्या फडात, कुठली गाडी कधी, हे असं बसवायचं की गव्हाण रिकामी पडू नये आणि काट्यापुढे रांगही लागू नये. दोन तरुण इंजिनिअर देवमाशाचा अल्गोरिदम घेऊन आले. मी शेजारी साधी जुनी रीत चालवली: दोन गाड्यांची अदलाबदल करून पाहायची, बरं झालं तर ठेवायचं. तीच आकडेवारी, तेवढाच वेळ. देवमासा मागे पडला. त्याहून मोठा फरक पडला तो तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या एका वाक्याने: पाणीपाळी सुरू असली की ओढ्यापलीकडच्या फडांत गाडी रुतते. ते वाक्य प्रोग्रॅममध्ये घातल्यावर वेळापत्रक पहिल्यांदा खरं वाटायला लागलं. परिसंवादाचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला आहे.

खंत याची, की पाहणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, तरी त्यांना कुणी विचारत नाही. मारुती चितमपल्लींनी आयुष्य जंगलात घालवलं. सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आपण त्यांना दिलं, पण एखाद्या संगणक विभागाने त्यांना चार दिवस बोलावल्याचं मला आठवत नाही. बंगळुरूला राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. तिची राणी शांत असते, कुणावर धावून जात नाही. राणी काढली की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत राणी बनून पुन्हा शांत होते. पुढची कोण, हे माणसाला आधी ओळखता येत नाही, पण बाकीच्या माश्या तिला आव्हान देत नाहीत. २०१२ च्या निबंधात तर अशा एकीमागून एक पाच वारसांची भांडणाविना लागलेली रांग नोंदली आहे. संगणकांच्या जाळ्यात मुख्य यंत्र बंद पडलं की नवा प्रमुख कोण, हे ठरवायला बाकीची यंत्रं किती निरोप पाठवत बसतात, ते इथल्या इंजिनिअरांना सांगायला नको. या दोन गोष्टी एका टेबलावर कुणीतरी आणायला हव्यात.

त्यासाठी एक छोटं मंडळ करावं असं मनात आहे. वर्षातून दोनदा प्रोग्रॅमरांनी आणि निसर्ग-अभ्यासकांनी एकत्र माळावर जावं, खर्च कुठून तरी उभा करू. आराखडा अजून कच्चा आहे, कार्यकारिणीशी बोलून कळवीन.

तोवर सभागृहातल्या परीक्षकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे. प्राण्याच्या नावाचा प्रबंध किंवा लेख हाती आला, तर तो प्राणी कुणी पाहिला, कुठे पाहिला, आणि त्या पाहण्यातली कुठली गोष्ट प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीत उतरली, हे लेखी मागा. आणि ते मिळेपर्यंत सही करू नका.