थेंब केवढा?

डॉक्टर म्हणतात, दहा थेंब घ्या. पण थेंब केवढा? नळीचं तोंड रुंद असलं तर थेंब मोठा, निमुळतं असलं तर लहान. शिवाय अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहूनही हलका. बचनाग, बेलाडोना, अफू यांच्या अर्कात हा फरक जिवावर बेतायचा. त्यातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात देशादेशाचा सरकारमान्य औषधग्रंथ, म्हणजे फार्माकोपिया, वेगळा. हद्द ओलांडली की त्याच नावाचा अर्क जास्त जहाल किंवा सौम्य मिळे.

म्हणून 1902 साली ब्रसेल्सला परिषद भरली आणि चारेक वर्षांनी करार झाला. अफूच्या अर्कात मॉर्फिन एक टक्का, अशी जहाल औषधांची प्रमाणं ठरली. पण मला वेड लावलं ते ड्रॉपरच्या कलमानं. नळीच्या टोकाचा बाहेरचा व्यास 3 मिलिमीटर. 15 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचे 20 थेंब भरले पाहिजेत 1 ग्रॅम! व्यास बाहेरचाच का? कारण थेंब लोंबतो तो बाहेरच्या कडेला धरून. तापमान कशाला? तर ते बदललं की पाण्याचा पृष्ठताण बदलतो, थेंबही बदलतो.

मधली महायुद्धं आणि समित्या सोडून देतो. 1950च्या आसपास जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय फार्माकोपिया काढला. तो कुठल्याही देशावर आपोआप लागू होत नाही. देशानं आपल्या कायद्यात घेतला तरच. म्हणजे माप सर्वांचं एक, पण ग्रंथ ज्याचा त्याचा. मला ही वाटणी पटते. आपल्या माणसांना काय लागतं, ते परक्या शहरातल्या बैठकीनं का ठरवावं?

मापं अशी ठरत गेली, त्यात हळहळ वाटते ती कंपाउंडरची. बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोस दाखवणारा तो माणूस आता दिसत नाही.

आपला इंडियन फार्माकोपिया 1955चा. त्यात पुढे अश्वगंधेसारख्या वनस्पतींनाही जागा मिळाली. घरातली पॅरासिटामॉलची पट्टी उलटून पाहा. नावापुढे 'आयपी' अशी दोन अक्षरं असतील. गोळी या ग्रंथातल्या कसोटीची आहे, असा त्यांचा अर्थ.