डेम्लो संख्या आणि देवळालीचे कापरेकर गुरुजी

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्येच्या दैवतासमोर बोलायचे म्हणून आज एक मोठी संख्या घेऊन उभा आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावे आहेत, त्यांतले शेवटचे परार्ध. आपली संख्या त्याच्या एकच पायरी अलीकडे थांबते. पण घाबरू नका. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येला तिनेच गुणले की हेच उत्तर येते.

का येते? ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. वहीत गुणाकार मांडला की एकांची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १, मग दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि पुढे तशीच उतरण.

आता १ दहा वेळा घ्या. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते. हातचा (आपली इथली मुले शाळेत त्याला ‘हासिल’ म्हणतात) पुढे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेला, मध्ये दोन शून्ये आली. एका हातच्याने सगळा डौल मोडला.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. कल्पना सुचली त्या डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव. कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. आपली संख्याही हर्षद आहे : अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यास बाकी शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. घरी जरूर पडताळा!

त्यांच्या या छंदाला आपल्याकडच्या अनेक जाणकारांनी पोरखेळ समजून बाजूला ठेवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. गुरुजी तोवर सत्तरीत पोहोचले होते. त्यांचे काम मात्र कधी थांबले नव्हते.

भनपुरीत आपला दिवस वजने, मापे, पाळ्यांचे तास अशा आकड्यांतच जातो. संध्याकाळी मुलाने वही पुढे करून “असं का होतं?” असे विचारले, तर “परीक्षेत येणार आहे का?” असा उलट प्रश्न करू नका. पेन्सिल घ्या, शेजारी बसा, आणि हातचा कुठे येतो ते दोघे मिळून शोधा.

गणपती बाप्पा मोरया!