दोन्ही पाय वाकडे असलेल्या बाळाविषयी
(विहारात झालेल्या पालक-सभेतील भाषण)



जन्मतःच पावलं आत वळलेली असतात, त्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एक मूल असे जन्मते. त्यातल्या जवळपास निम्म्यांचे दोन्ही पाय तसे असतात. असं बाळ घरात आलं की पहिली सुनावणी कुणाची? आईची! ग्रहणात विळी हातात धरली होतीस का? आम्ही स्पष्ट सांगतो, ग्रहणाने कुणाचा पाय वळत नाही. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडतच नाही. तेव्हा सुनेला बोल लावू नका, बाळाला दवाखान्यात न्या.

स्पेनमध्ये जन्मलेल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा येथे यावर प्लास्टरची पद्धत बसवली. 1963 साली ती छापून आली, तरी पुढे कित्येक वर्षे डॉक्टरमंडळी मोठ्या ऑपरेशनच्याच मागे होती. या पद्धतीत दर आठवड्याला पाय हळूहळू सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, दोन्ही पायांना एकदमच. अशी पाच-सहा प्लास्टरे लागतात. बोटं काळी-निळी पडली किंवा प्लास्टरात आत सरकली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर छोटा छेद देऊन मोकळी करतात आणि तीन आठवड्यांचे प्लास्टर घालतात. सुरुवात जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत झाली तर उत्तम. उशीर झाला म्हणून हात टेकू नका, चालत्या मुलांनाही गुण येतो. नुसत्या तेल-मालिशने मात्र येत नाही.

खरी लढाई त्यानंतरच. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसरात्र, दिवसाला तेवीस तास. मग चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. पाय सरळ दिसतो, पोर रडतं, आजी म्हणते, "काढ गं ते, किती छळशील लेकराला!" बूट सुटले की पाय पुन्हा वळतो. पुन्हा प्लास्टर, पुन्हा मजुरी बुडवून खेपा. आजीबाईंनो, रागावू नका, पण रात्री बाळ उचलून फिरवायचं काम तुम्हीच घ्या. दोन्ही पाय एका दांडीला असतात, तेव्हा ते एकत्रच हलवायला शिकवा; चार-सहा दिवसांत सवय होते.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरला आहे. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला विचारा. आणि बोटं बुटाबाहेर आली की मोठे बूट मागून घ्या, जुन्यात पाय कोंबू नका.